दोन चुलींचं घर

"विजयाबाई, तपासणीचे साहेब गल्लीत शिरलेत!" शेजारच्या सुधाताईंनी भिंतीपलीकडून हाक दिली आणि विजयाबाईंनी घाईघाईने मागच्या खोलीत डोकावून पाहिलं.

हिंदी मुलखातल्या बिर्लानगरातलं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत विजयाबाईंचा गॅस नेहमीच्या जागी होता. मागच्या खोलीत सुधाताईंकडून उसनी आणलेली शेगडी आणि एक कुकर सकाळीच मांडून ठेवला होता. ही म्हणे सुनेची, श्रुतीची चूल. निवडणुकीआधी वॉर्डात सरकारी योजनांचं शिबिर लागलं तेव्हा कागदावर अशीच दोन कुटुंबं लिहिली होती. तेव्हा सरकारचा हात सढळ होता, कुणी काही विचारलं नाही. सासूला पेन्शन लागली, सुनेला महिलांच्या योजनेचे पैसे.

आता निवडणूक उरकली होती आणि तिजोरीत खडखडाट होता. नवा हुकूम निघाला: एका चुलीमागे एकच नाव. खोटं सापडलं तर आजवर दिलेलं सगळं वसूल. मुलगा राघव दाल बाजारात एका दुकानात कामाला. तो रोज कुणाच्या तरी नोटिशीची बातमी घेऊन यायचा, आणि विजयाबाई हिशोब करत बसायच्या. पेन्शन गेली तर इन्सुलिन कुठून आणायचं? वसुली निघाली तर राघव काय विकणार?

"आई, टेन्शन नका घेऊ," श्रुती हळूच म्हणाली. "बस इतकंच बोलायचं, आमची अनबन आहे, म्हणून अलग राहतो."

साहेब आले. फारसे बोलले नाहीत. सरळ मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी कुकरला हात लावला. मग शेगडीच्या बर्नरवरून बोट फिरवलं.

"माताजी, ये तो ठंडा है. आज इस पर कुछ पका ही नहीं. सच में अलग रहते हो? सब यही बोलते हैं."

साहेबांनी फॉर्मवर पेन टेकवलं. ते पेन पाहिलं आणि विजयाबाईंना तोंड फुटलं.

"ठंडा नाही तर काय असणार, साहब? इसको पकाना आता कहाँ है! मेरे बेटे की हालत देखो. तोंड वर करून बोलते मुझसे. मैं मर जाऊँ तो पाणी नहीं देगी."

श्रुती दारात उभी होती. रोज सकाळी सासूला इन्सुलिन टोचायची ती हीच. ठरल्याप्रमाणे तिने मान खाली घातली. नाटक मस्त चाललं होतं.

पण विजयाबाई थांबेचनात. भीतीने माणूस किती बोलतो!

"और सुनो साहब. दो साल पहले पेट से थी. मैं बोली, जिना चढू नको, चढू नको. नहीं मानी. मेरा पोता इसने अपने हाथ से मारा. ऐसी के साथ कौन खाएगा?"

त्या घरात ही गोष्ट दोन वर्षांत एकदाही कुणी उच्चारली नव्हती. साहेबांनी श्रुतीकडे पाहिलं, नजर वळवली आणि भराभर सही केली.

"बस माताजी. हो गया. अलग हैं."

ते दिसेनासे होईपर्यंत विजयाबाईंनी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. मग त्या मटकन खाली बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या.

"सुटलो गं बाई! माझा तर जीवच गेला होता. काय काय बोलून गेले, माझं मलाच कळलं नाही. जा, ती शेगडी देऊन ये, आणि माझ्या गॅसवर सगळ्यांचा भात लाव."

मागच्या खोलीत काडी ओढल्याचा आवाज झाला. विजयाबाई उठून पाहायला गेल्या. श्रुतीने उसनी शेगडी पेटवली होती, आणि कुकरमध्ये ती दोन माणसांचे तांदूळ घालत होती.

"अगं, गेले ते. त्यांना पटलं."

"हो आई," श्रुतीने झाकण लावलं. "मलाही पटलं."