रामदासला चारशे, चिंधाला नऊशे

"एकच डबा, एकच ॲप, एकच दिवस! रामदासला चारशेला आन् आमले नऊशेला? हा काय न्याय झाला, बेन?" चिंधानं ग्राहक कचेरीतल्या मयुरीबेनच्या टेबलावर हात आपटला आणि धाप लागली तसा खुर्चीत टेकला.

शेजारचा रामदास व्यायामशाळेत जातो, म्हणून ताकदीची पावडर घेतो. चिंधाला डॉक्टरांनी अल्सरसाठी तीच सांगितली होती. आपण मोबाइलवर काय शोधतो, कुणाला काय विचारतो, ते हुंगून कंपनी ज्याचा त्याचा भाव लावते म्हणे! शी! चिंधाचा जन्म सुरतच्या उधन्यात कापडाचे लूम चालवण्यात गेला. लबाड शेठ त्यानं पुष्कळ पाहिले. पण लोकांच्या घरात डोकावून भाव ठरवणारी ही अवलाद नवीनच.

सून उज्ज्वला, जिच्या मोबाइलवरून डबा मागवला होता, तो मोबाइल पदराआड धरून उभी होती. "आबा, घरी चला ना. नऊशे तर नऊशे. मी काही म्हणते का?"

"का? पैसा झाडाला लागतो?"

हल्ली हिचं वागणंच त्याला कळत नव्हतं. त्याच्या गोळ्या पाकिटातून काढून सुट्या हातावर ठेवायची. दवाखान्याचे कागद कपाटात, कपाटाला कुलूप. आणि लाड किती! परवा मांडे, काल झणझणीत भरीत. अल्सरवाल्याला भरीत! या भावात हिचाच तर हात नाही? पोटच्या पोरीसारखं जिला वागवलं, तिची त्याला किळस आली.

मयुरीबेन शांतपणे म्हणाल्या, "काका, सरकारचा नवा नियम आलाय. माहिती वापरून भाव चढवला, तर का चढवला ते दाखवावंच लागतं. किमतीखाली 'कारण' लिहिलेलं असतं. त्यावर बोट लावा."

"आण इकडे मोबाइल."

"नका ना, आबा. पाया पडते तुमच्या." उज्ज्वला रडायलाच लागली.

"कर नाही त्याला डर कशाला?" चिंधानं मोबाइल तिच्या हातातून ओढलाच. चष्मा चढवला, नऊशेच्या खाली बोट टेकवलं आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं वाचायला लागला.

"ग्राहकाच्या सासऱ्यांना पोटाचा कॅन्सर, शेवटचा टप्पा. घरचे मागू ती किंमत देतात."