भिंत कुठल्या बाजूने सरकवायची

साटमांच्या बायकोचं, सुलभाचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीची सभा भरली. नव्या टॉवरचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. घरातलं एक माणूस कमी झालं की बेडरूमची भिंत आत सरकते आणि सुटलेली जागा त्याच मजल्यावरच्या पार्किंगला जाते.

"साटमकाका, खिडकीकडची बाजू द्या," शेजारचा चौबळ म्हणाला. "लिफ्टने वर आली की माझी गाडी सरळ आत शिरेल."

खिडकीजवळ सुलभाची कॉट होती. साटमांची आतल्या बाजूला.

"आतल्या बाजूने नाही का सरकत भिंत?" साटमांनी विचारलं.

सेक्रेटरी रेगेबाईंनी इमारतीलाच विचारलं.

"दोन्हीकडून सरकते," छतातून आवाज आला. "पण आतल्या बाजूला मोठी गाडी वळणार नाही."

"ऐकलंत? मी सात सीटची बुक केलीय, काका!"

"मग लहान घे. घरात तुम्ही दोघंच तर आहात."

सभा हसली. चौबळ नियम काढायला लागला, पण रेगेबाईंनी त्याला थांबवलं. "बाजू कुठली द्यायची, ते राहणाऱ्यानं ठरवायचं. काकांनी ठरवलंय."

दुपारी आतली भिंत हळूहळू पुढे आली. साटमांनी त्याआधीच आपली कॉट बाहेर काढली होती. ते सुलभाच्या कॉटवर आडवे झाले. इथे पडून ती रोज सकाळी बराच वेळ बाहेर बघत असायची. काय बघतेस, असं विचारलं की म्हणायची, "इथे येऊन पडा, मग दिसेल."

साटमांनी खिडकीकडे कूस बदलली.