परसात सोडलेलं पाणी

सुमनबाई चिखलाच्या पायांनीच शेजारच्या मांगीलालच्या कापडदुकानात शिरली. पांढऱ्या गादीवर पाऊल उमटलं, तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"शेठ, ते पन्हळ काढा! आमनी भीत खची राह्यनी."

"पाऊस मी आणला का, बाई?" हातातलं कापड मोजता मोजता मांगीलाल म्हणाला.

आता या माणसाला काय म्हणावं! धुळ्याच्या त्या गल्लीला पाऊस काही नवा नव्हता. गेल्या वर्षीपर्यंत या दुकानावरही सगळ्यांसारखं मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर, होतं. पावसाळ्यात वर गुडघाभर गवत माजायचं आणि सुमनबाईची शेळी दोन्ही घरांच्या धाब्यांवर चरायची. कितीही कोसळला तरी माती आधी स्वतः पिऊन घ्यायची, उरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत बेताबेतानं ठिबकायचं. पण शेठला गवताची लाज वाटायला लागली. वशिल्याने सिमेंटचं परमिट आणलं, धाबं उकरून फेकलं आणि स्लॅब टाकला. स्लॅब कसला पाणी पितो! पुढे गिऱ्हाइकांच्या अंगावर धार नको, म्हणून सगळा उतार मागे काढला आणि पन्हळ सोडलं थेट सुमनबाईच्या परसात, भिंतीच्या पायाशी. दुसऱ्याचं घर चिखलात गेलं तर यांच्या बापाचं काय जातं?

"पाऊस तं दरसाल येस," सुमनबाई कडाडली. "पहिले तुमनं धाबं त्याले पी जाये. आते बठ्ठा आमना घरमा सोडी देतस!"

"भिंत तुमच्या घरची. तुमची तुम्ही बघा." मांगीलालने गिऱ्हाइकापुढे दुसरं पातळ उलगडलं.

ती ताडताड निघून गेली. तेवढ्यात पुन्हा जोराची सर आली. पन्हळाची धार परसात आदळू लागली आणि भिंतीच्या पायातले दगड निसटले. सुमनबाई आणि तिचा नवरा लोटन यांनी अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईला, नानीबाईला, खाटेसकट उचलून समोरच्या ओट्यावर नेलं. मग ज्वारीची पोती काढली, भांडी काढली. राग असा, की रडूही येईना.

मांगीलाल दुकानाच्या दारात उभा राहून हे बघत होता.

"काय लोटन, दुसरीकडे खोली घेतली की काय?" असं म्हणून तो हसला.

सुमनबाईने हातातला हंडा ओट्यावर आपटला.

"दात काय काढतस, शेठ? बाहेर निंघा! नवी भीत बांधाना पैसा वाचाडाकरता तुमना स्लॅब तुम्हीनच आमनी भीतवर टेकाडेल शे!"