मान हलवणं म्हणजे उत्तर नाही

"नखं," बाई म्हणाल्या.

चिमणीनं दोन्ही हात पुढे केले. नखं मुळाशी कापलेली, रंग नाही, अंगठी नाही. बाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि सोडून दिले. त्यांच्या स्वतःच्या हातातही काही नव्हतं. एरवी खिशाला अडकवलेलं घड्याळसुद्धा आज नव्हतं. केस टोपीत, अंगावर पाठीशी नाड्या बांधलेला हिरवा झगा. ऑपरेशन थिएटरच्या दाराआड सगळी माणसं अशीच दिसतात.

सत्तावीस वर्षं हे थिएटर बाईंच्या हाताखाली होतं. मोठ्या सर्जनपासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांना दुसरं काही नाव असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

चिमणी तीन महिन्यांपूर्वी वॉर्डातून इथं आली होती. आवाज इतका बारीक की बाईंनी पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं. आज ती पहिल्यांदा टेबलाशी उभी राहून सर्जनच्या हातात हत्यारं देणार होती. यादीत तिचं नाव बाईंनी स्वतः लिहिलं होतं. आज जमलं नाही तर परत वॉर्डात, हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशी चहा घेऊन आली. बाईंना न विचारता तिनं ट्रे थेट चिमणीपुढे धरला.

"पी," बाई म्हणाल्या. "तीन तास उभं राहायचंय. उपाशी पोटी आलेली एक पोर ट्रॉलीवर आडवी झालेली मी पाहिलीय. सगळी हत्यारं पुन्हा उकळावी लागली. पोरीचं काय झालं ते कुणी विचारलंसुद्धा नाही."

"तुम्ही, बाई?"

"मला कुठं उभं राहायचंय?"

चिमणीनं दोन घोटांत कप रिकामा केला.

"धुतलेला हात कमरेखाली गेला, की अस्वच्छ झाला. मग?" बाईंनी विचारलं.

"ग्लोव्ह बदलायचा."

"कुणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं."

बाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. म्हणजे उत्तर बरोबर होतं.

"आणि आजोबा आठवतात ना?"

चिमणीचे कान लाल झाले. पहिल्याच आठवड्यात तिनं फाईलवरचं नाव वाचून एका आजोबांना विचारलं होतं, "तुम्हीच ना?" आजोबांनी मान हलवली. तेवढ्यात बाई पुढे झाल्या. "आजोबा, तुमचं पहिलं बाळंतपण इथंच झालं का?" आजोबांनी तितक्याच आनंदानं मान हलवली. कानातलं यंत्र नियमाप्रमाणे बाहेर काढून ठेवलेलं. ते बिचारे सगळ्यालाच हो म्हणत होते.

माणूस बरोबरच निघाला. तरी बाईंनी तिला कोपऱ्यात घेतलं होतं. "आज नशिबानं भागलं. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं. ऑपरेशन कसलं आणि कुठल्या बाजूचं, तेही. मान हलवणं म्हणजे उत्तर नाही."

"आणि आपल्या ओळखीचाच पेशंट असला तर?" चिमणीनं तेव्हा विचारलं होतं.

"मग तर विचारायचंच. ओळखीच्या माणसाचं सगळेच गृहीत धरतात."

दार ढकलून सर्जन आले. चिमणीकडे एक नजर टाकून बाईंना बाजूला घेऊ लागले. बाई जागच्या हलल्या नाहीत, म्हणून त्यांना तिथंच बोलावं लागलं.

"बाई, अजून वेळ आहे. जुन्या सिस्टरला बोलावतो. डावी किडनी काढायचीय, छोटं काम नाही. हिचा पहिला दिवस."

"तुमचाही एकदा पहिला दिवस होता. कात्री कुणी धरून दाखवली होती?"

सर्जन हसले. "तुमचा हा हट्ट नडेल एक दिवस."

"नडला तर मला नडेल. शिकवलीय मी तिला."

त्या 'मी'वर बाईंनी जो जोर दिला, तो ऐकून चिमणीची पाठ आपोआप ताठ झाली.

"जा, हात धू," बाई तिला म्हणाल्या. "आणि आत गेल्यावर मोठ्यानं बोल. तिथं हळू बोललेलं कुणी ऐकत नाही."

"तुम्ही?"

"मी आत आहेच."

चिमणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं हात कोपरापर्यंत धुतले. आत जाऊन झगा, ग्लोव्ह चढवले. ट्रॉली मांडली. सामान आणून देणाऱ्या फिरत्या सिस्टरबरोबर गॉजचे तुकडे, सुया, चिमटे एकेक करून मोजले. फळ्यावर आकडे लागले. दिवा टेबलावर वळला.

"करू या सुरू," भुलीचे डॉक्टर म्हणाले. सिरिंज त्यांच्या हातात होती.

"थांबा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आवाज चिमणीचा आहे हे कळायला क्षणभर वेळ लागला.

"काय राहिलं?" सर्जननी विचारलं.

"नाव विचारायचं राहिलं."

"अगं, इथं कुणाला माहीत नाही? फाईल मी स्वतः लिहिलीय. चल, उशीर होतोय."

"तुम्हाला माहीत आहे, सर. पेशंटनं सांगितलेलं नाही." शेवटच्या शब्दांना आवाज कापला, पण समोरच्या भिंतीपर्यंत पोचला.

भुलीच्या डॉक्टरांनी सिरिंज खाली घेतली.

हात छातीशी जोडून, टेबलापासून हातभर अंतर राखून चिमणी किंचित वाकली.

"पूर्ण नाव सांगा. ऑपरेशन कसलं आणि कुठल्या बाजूचं, तेही सांगा."

पेशंटनं नुसतीच मान हलवली.

चिमणी मागे सरली नाही. "मान हलवणं म्हणजे उत्तर नाही," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

टेबलावर झोपलेल्या बाई हसल्या. मग त्यांनी ऑपरेशन सांगितलं, बाजू सांगितली आणि त्या मजल्यावर सत्तावीस वर्षांत कुणीच न विचारलेलं आपलं पूर्ण नाव सांगितलं.