फक्त कॅबिनेटची बातमी

“सायबानू, ह्येका भितीक दोन स्क्रू मारूक व्हये,” रावजी म्हणाला. “वरसून जड आसा.”

गुरुप्रसाद आरशासमोर टायची गाठ बसवत होता. “भिंत ताहिरची आहे, रावजी. एका भोकासाठी तो घरमालक आमचं बिऱ्हाड अरादच्या रस्त्यावर आणेल. नुसतं टेकवून ठेव.”

रावजी मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमधला सुतार. बायको गोदाबाई याच घरी स्वयंपाकाला आणि पोरीला सांभाळायला, म्हणून तो सकाळीच हे कपाट जागेवर लावून द्यायला आला होता. त्याने स्क्रू पिशवीत परत टाकले. साहेबांशी हुज्जत घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

वस्तू मात्र देखणी होती. नारिंगी रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि तळापासून माथ्यापर्यंत खणच खण. गेल्या वर्षी बँकेच्या कामाला उलानबातारला गेला असताना गुरुप्रसादने ती हौसेने घेतली होती. पावतीवर ‘मंगोलियन कॅबिनेट’ असं वाचून त्याची बायको स्मिता म्हणाली होती, “मग मंत्री कुठे आहेत?” स्मिता सध्या पुण्याला होती, वडिलांच्या ऑपरेशनसाठी. मंत्री सहा वर्षांच्या कस्तुरीने शोधले. एकेका खणात एकेक बाहुली.

“बाबा, व्हेअर डज द माइनिंग मिनिस्टर सिट?”

“खाणमंत्री होय? तो सगळ्यात वरच्या खणात. तो वर राहिला तर बाबांची नोकरी राहील.”

“टॉपमोस्ट?”

“अगदी वर.”

शाळेला सुट्टी लागलेल्या पोरीला ती गंमत वाटली. गुरुप्रसादला मात्र ती गंमत नव्हती. आज अकराला बँक मंगोलियातल्या एका तांब्याच्या खाणीशी करार करणार होती. तिकडे जुनं सरकार गेलेलं, नवा पंतप्रधान मंत्र्यांची यादी घेऊन संसदेपुढे उभा. तीन पक्ष, आणि तिघांचेही रुसवेफुगवे. जुना खाणमंत्री यादीत टिकला तर सही करायची. उलट सही झाली आणि कॅबिनेटच कोसळलं, तर गुरुप्रसादची नोकरी खलास. नोकरीबरोबर आखातातली रेसिडेन्सी, कस्तुरीची शाळा, हे घर, सगळंच.

निघताना त्याने दोघा नवराबायकोंना बजावलं. “आज उठसूट फोन करायचा नाही. माझ्यापर्यंत आज एकच बातमी येणार, कॅबिनेट पडल्याची. दुसरं काहीसुद्धा नाही.”

गोदाबाईने मान हलवली. रावजीनेही.

मनामाच्या ऑफिसात रिसेप्शनवर शरीफुन्निसा बसायची. गेल्या आठवड्यात भर मीटिंगमध्ये ती सांगत आली होती, की घरून फोन आहे, बेबीचा दात पडला. सगळे हसले. नंतर गुरुप्रसादने तिला चारचौघांत असं काही फाडून खाल्लं, की ती डबा न उघडताच घरी गेली.

आज त्याने आपला मोबाइल तिच्यापुढे ठेवला. मीटिंगमध्ये मोबाइल न्यायचा नाही, हा नियमही त्याचाच.

“नीचे प्रवीण न्यूज देख रहा है. सिर्फ कॅबिनेट की खबर अंदर लाना. घर का फोन लेकर अंदर आईं, तो कल से मत आना.”

“जी, सर.”

अकराला दहा मिनिटं होती. कागद मांडून झाले होते. बँकेचे मुख्य अन्सारसाहेब पेनचं टोपण काढत होते, समोर खाणीची माणसं हसतमुख बसली होती. तेवढ्यात शरीफुन्निसा आली, आणि गुरुप्रसादच्या हातात चिठ्ठी देऊन गेली. तिच्या गोल अक्षरात एकच ओळ होती. कॅबिनेट गिर गया.

गुरुप्रसादने अन्सारसाहेबांचा हात धरला. “थांबा, सर. सरकार पडलं.”

खाणीच्या माणसांचे चेहरे उतरले. दोघंतिघं फोन करायला बाहेर धावले, पण तिकडे संसदेत सगळ्यांचे फोन बंद होते. अन्सारसाहेबांनी फाइल मिटली, कॉफी मागवली, आणि गुरुप्रसादच्या पाठीवर थाप मारली. तू होतास म्हणून वाचलो, म्हणाले. पुढच्या वर्षी हा विभाग तूच सांभाळ, असंही म्हणाले. गुरुप्रसाद मनातून नाचत होता. आनंद लपवायला त्याने कपात तोंड घातलं.

अकरा वाजून गेल्यावर दार पुन्हा किलकिलं झालं.

“सर, घर से...”

“मैंने क्या कहा था?” गुरुप्रसाद इतक्या गोड आवाजात म्हणाला, की अन्सारसाहेबही हसले. दार लागलं.

मग दुसरी कॉफी आली. ती संपत आली असताना प्रवीण धापा टाकत आत आला.

“सर, यादी मंजूर. खाणमंत्री तोच. करा सही.”

“म्हणजे? कॅबिनेट पडलं ना?”

“कुठलं पडलंय, सर? शपथविधीची तयारी चालली आहे.”

अन्सारसाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या नजरेला नजर न देता गुरुप्रसाद उठला आणि चिठ्ठी मुठीत चुरगाळत तरातरा रिसेप्शनवर गेला. आज हिला घरी बसवायचंच, त्याने ठरवलं होतं.

“ये किसके कहने पर लिखा?”

“सर, आपके मोबाइल पर कोई रावजी था. बहुत घबराया हुआ. बस इतना बोला, कॅबिनेट गिर गया, साहब को भेजो. मैं समझी प्रवीण सर का आदमी है.” शरीफुन्निसाने वहीचं पान उलटलं. “दूसरी बार बोला, बेबी ऊपर चढी थी, नीचे दब गई. तब मैं अंदर आई थी, सर.”

गुरुप्रसादने काउंटर धरला. “फिर?”

“फिर ग्यारह बीस पर आया.” तिने मान वर केली नाही. “बोला, साहब को मत उठाओ. अब जल्दी नहीं है.”