पहिली ओळ

“शितावरून भाताची परीक्षा फाईलला चालत नाही गं. सगळी वाच,” शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला होता. तिने हसण्यावारी नेलं. “बाळ जेवलं, बाळ झोपलं. आईला आणखी काय लागतं?”

बाळाला ऑफिसजवळ, मुलं सांभाळणाऱ्या मावशींच्या घरी ठेवायला लागली तेव्हा पीएचपी या संगणकभाषेत एक वेबपान तिनेच बनवलं होतं. मावशी दर तासाला जुन्या टॅबवर नवी नोंद लिहायच्या, तिची नवी फाईल व्हायची आणि पान त्या फाईलची फक्त पहिली ओळ तिला ऑफिसात दाखवायचं. “फोन नको हं मावशी, मीटिंगमध्ये घेता येत नाही. काय ते इथेच लिहा.” मावशींनी मान डोलावली. शब्दाला पक्क्या बाई.

आज अकराला ओळ आली: बाळ जेवलं, झोपलं. बाराला तीच ओळ. एक वाजला तरी तीच. तासातासाला लिहिणाऱ्या मावशी गप्प कशा? तिने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. घास अडकला? बाळ पडलं? मन चिंती ते वैरी न चिंती.

पानच अडकलं असेल, असं स्वतःला बजावत तिने पानाचा कोड उघडला. पहिली ओळ वाचणारी आज्ञा खोडली, अख्खी फाईल छापणारी घातली. पान रिफ्रेश केलं.

बाळ जेवलं, झोपलं.
ताई, छातीत कळ येतेय. डावा हात उचलत नाही.
फोन नको म्हणालात म्हणून इथे लिहिलं.
बाळ पाळण्यात आहे. दाराची कडी काढून ठेवलीय.

जिना उतरता उतरताच तिने रुग्णवाहिका बोलावली. मावशींचं दार नुसतं ढकललं तर उघडलं. बाळ गाढ झोपलेलं. मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या, चेहरा पांढराफटक, फोन दूर ओट्यावर. उजव्या हाताने पाळण्याची दोरी मात्र ओढतच होत्या.

“वाचलंत ना ताई?”

ती खाली बसली, त्यांच्या हातातली दोरी आपल्या हातात घेतली. बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ येत होता.

तुमचंही लेकरू कुणी सांभाळत असेल. ते जेवलं का, हे नंतर विचारा. आधी फोन करा, आणि तुम्ही बऱ्या आहात ना, एवढं त्यांना विचारा.