आसरांचे दगड

"चल, मुंजाबा. औरंगाबादेत नामांतराचा मोर्चा हाय. एसट्या बंद पडायच्या आत पैठण गाठू," नावाडी कारभारीनं होडीतून हाक मारली.

मुंजाबानं वळकटी होडीत टाकली. पोरगा वाळूजच्या कंपनीत होता. आता त्याच्या खोलीवर राहायचं, बेट कायमचं सोडायचं, असं ठरलं होतं.

धरणात गाव बुडालं तेव्हा हे टेकाड तेवढं वर राहिलं. पाणी उतरलं की उतारावरच्या गाळात नवरा-बायको हरभरा पेरत. मुंजाबानं बेटावरचा एकेक दगड वेचून बांध घातला होता. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको म्हाळसाबाई गेली.

निघताना तो तिच्या दगडांपाशी थांबला. उतारावर चढत्या ओळीत सात दगड होते, शेंदूर लावलेले. दिवाळीला ती दरसाल एक मांडायची. "आसरा हाय, हात लावू नका," म्हणायची. पेरायची मात्र त्यांच्या वरच्या अंगाला. यंदा मुंजाबानं मुद्दाम त्यांच्या खाली पेरलं. ज्या देवींनी बायको वाचवली नाही, त्यांची जागा कशाला सोडायची? आठ दिवसांत पाणी परत चढलं. बी कुजलं.

"आसरा कोपल्या माझ्यावर," तो म्हणाला.

"कसल्या आसरा, लेका!" कारभारी हसला. "आधी दसऱ्याला पाणी उतरलं की परत चढायचं नाय. आता परतीचा पाऊस दिवाळीपतोर पडतोय. पाणी जिथवर परत चढंल, तिथं वहिनी दगड ठिवायची. त्याच्या वर पेरायचं, म्हंजी बुडत नाय."

"मग शेंदूर कशाला?"

"तुझ्यापायी. बिनशेंदराचा दगड दिसला की तू उचलून बांधाला लावतूस म्हणायची."

मुंजाबा दगडांकडं बघत राहिला. दरसालचा दगड मागच्याहून हातभर वर होता. पाणी आता ओसरलं होतं, पण यंदाची ओली रेघ सातव्याच्याही वर होती.

त्यानं वळकटी होडीतून काढली.

"पोराला सांग, गाडग्यात अजून दोन शेर हरभरा हाय. तो पेरतो, पीक निघालं की येतो."

होडी दिसेनाशी झाली. मुंजाबानं बांधातला एक दगड काढला आणि ओल्या रेघेवर रोवला. तो उचलून नेणारा माणूस बेटावर एकच होता.

म्हाळसाबाईची डबी शोधून मुंजाबानं दगडाला शेंदूर लावला.